बुधवारच्या खोलीची किल्ली

बुधवार, ७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आज सकाळी पहिल्या वर्षाचा तास घेतला. दुपारी भूमापनाच्या दुर्बिणी पुसून पेट्यांत ठेवल्या. चार वाजता हिच्या खोलीवर गेलो. संध्याकाळी घरी येऊन जेवलो आणि आता तुला लिहायला बसलो आहे. तुझं पत्र सोमवारीच आलं होतं.

हिच्या खोलीवर का गेलो, ते सांगतो. ही विद्यापीठात दर बुधवारी काय करायची, हे तुला थोडंफार माहीत आहे. आम्हा शिक्षकांना अध्यापक मान्यता घ्यावी लागते. आपण कसं शिकवतो, तसंच का शिकवतो, चुकून काय शिकलो, हे लिहून मंडळाकडे पाठवायचं. मंडळाला पटलं तर मान्यता. ज्यांना तासभर वर्गासमोर बोलताना पाणी लागत नाही, अशी माणसं स्वतःबद्दल दोन पानं लिहायची म्हटली की घामाघूम होतात. ही त्यांना जमवायची. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकून टिपून घ्यायचं. आधी सांगा, मग लिहा, एवढीच हिची पद्धत. मार्गदर्शक म्हणून दारावर नाव होतं, पण सगळे तिला बुधवारवाल्या बाई म्हणत.

ही गेली तेव्हापासून, म्हणजे नोव्हेंबरपासून, ती खोली बंद होती. हिच्या जागी कुणाला नेमलं नाही. रविवारी तुझी बिट्टी आली, इकडचं तिकडचं बोलली आणि जाताना दारात उभी राहून अडखळत म्हणाली की, मामा, मामीकडे त्या खोलीची किल्ली असेल का. होती. हिच्याच जुडग्यात, घराच्या किल्लीला लागून. हिच्यामागे मी तेच जुडगं वापरतो आहे. म्हणजे इतके महिने ती माझ्या खिशात होती.

किल्ली नुसती पाठवून देणार होतो. पण स्वतःच गेलो. आत हिचा टेबलपंखा तसाच होता, कुणीतरी पुसलेला. तिघं जण होते. औषधशास्त्र शिकवणारे गृहस्थ, त्यांना सगळे औषधवाले म्हणतात, हिशेबशास्त्राच्या बाई आणि बिट्टी. औषधवाले म्हणाले की, सर, तुम्हीही अजून मान्यता घेतलेली नाही, मग बसाच. खरं आहे. ही मागे लागून थकली, मी टाळत राहिलो. आता नियम निघाला आहे की मान्यता नसलेल्यांना पुढच्या वर्षापासून पहिल्या वर्षाचा वर्ग नाही. मला दुसरं काही नको आहे, ताई, पण तो वर्ग हवा आहे. बिट्टीचं तर त्याहून अवघड. तिचा करार जूनअखेर संपतो आणि मान्यता असेल तरच वाढतो. म्हणून बसलो.

बाकी ठीक. गेल्या आठवड्यात शर्टाच्या खिशात कागद राहिला आणि सगळ्या धुण्यावर त्याचे कण बसले. खिसे बघायचं काम हिचं होतं.

तुझी माया आहेच, ती माझ्यावर आणि बिट्टीवर राहू दे.

तुझा भाऊ


१६ फेब्रुवारी

चि. भाऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून बरं वाटलं, कारण तू चक्क दोन पानं लिहिलीस. तुझ्या लग्नाच्या वेळी होकार कळवताना तू पोस्टकार्डावर "पसंत" एवढंच लिहिलं होतंस, ते अजून माझ्याकडे आहे. आईने विचारलं होतं की कोण पसंत, मुलगी की त्यांचं घर.

धुण्यावर कागदाचे कण बसले म्हणून तुला कुणी फाशी देणार नाही. कोरड्या कापडाने झटकायचे. आणि खिसे उलटे करून बघायची सवय लाव. पन्नाशी उलटलेल्या माणसाला हे मी पत्रातून शिकवते आहे, बघ.

तुमच्या मान्यतेचं वाचून हसू आलं. आमच्या वेळी शाळा तपासनीस मागच्या बाकावर येऊन बसायचे आणि अर्ध्या तासात पेंगायचे. जागे झाले की "चांगलं" असा शेरा. पण माझ्या भावजयीने इतकी वर्षं केलं ते काही उगाच नसेल. ती माझ्याशी फोनवर बोलायची तेव्हासुद्धा मीच बोलायची आणि ती ऐकायची. फोन ठेवल्यावर मला माझंच नीट कळलेलं असायचं. आता फोन करायला कुणी नाही, म्हणून तुला पत्रं.

एक सांगून ठेवते. बिट्टीवर लक्ष ठेव. पोर हुशार आहे, पण लहानपणी वर्गातल्या सगळ्यांच्या चित्रांत रंग भरून द्यायची आणि स्वतःचा कागद कोरा घेऊन घरी यायची. मी विचारलं तर म्हणायची, वेळ संपली. तिची वेळ संपू देऊ नकोस. ती माझ्याजवळ काही बोलत नाही. तू तिथे आहेस म्हणून मला इथे झोप लागते.

जेवत जा, आणि मायेत कमतरता दिसली तर भांडून माग.

तुझी ताई


बुधवार, २७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आज परीक्षेची पर्यवेक्षणाची पाळी होती. ती आटोपून खोलीवर गेलो. बिट्टीने माझा मसुदा दिला, तो वाचला. अर्ज पुढच्या महिन्यात जायचे आहेत.

दोन आठवड्यांपूर्वी माझी सांगायची पाळी झाली. मला वाटलं होतं दोन मिनिटांत आटपेल. बिट्टी समोर वही घेऊन बसली होती. सगळ्यांचं टिपून घेण्याचं काम आता तिच्याकडेच आलं आहे. तिचं अक्षर सुरेख, भाषा चांगली, आणि बाकीचे दोघे टिपतात ते त्यांचं त्यांनाच लागत नाही. तिने विचारलं की तुम्ही वर्गात असं काय करता, जे दुसरे करत नाहीत. मी म्हणालो, मुलं मैदानात तिपाई उभी करतात, दुर्बीण समपातळीत यावी म्हणून तिच्यावरचा बुडबुडा मधोमध आणायला धडपडतात, तेव्हा मी त्यांच्याकडे पाठ करून उभा राहतो. हिशेबाच्या बाईंनी विचारलं की का. मी म्हणालो, कुणी धडपडत असताना बघत उभं राहणं मला जमत नाही. इस्पितळातसुद्धा मी खिडकीकडे तोंड करूनच उभा असायचो, हे मी तिथे बोललो नाही. तुला माहीत आहे.

बिट्टीने त्याचं असं लिहून आणलं आहे: "विद्यार्थ्यांना चुकण्याची मोकळीक मिळावी म्हणून मी जाणीवपूर्वक दृष्टी बाजूला घेतो." वाचून मला वाटलं की हा कोण बरा माणूस आहे. मी म्हणालो, बिट्टी, हे माझं नाही. ती म्हणाली, मामा, तुमचंच आहे, फक्त इस्त्री केली आहे. तेही खरंच असेल. मला त्याहून चांगलं लिहिता येणार नाही, म्हणून तेच उतरवून काढतो आहे. बाकीचेही तसंच करत आहेत.

तू सांगितलेलं लक्षात आहे. गेल्या बुधवारी बिट्टीची पाळी होती. औषधवाले पेपर तपासण्यात अडकले, बाईंकडे पाहुणे आले. मी एकटाच होतो. ती सांगत होती, मी टिपत होतो. तिची वनस्पतिशास्त्राची मुलं देठाचे काप घेतात, पात्याने, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायला. पहिले सगळे जाड येतात. ती ते टाकू देत नाही. मी अर्ध्या तासात चार ओळी लिहिल्या. ती बघून हसली. म्हणाली की, मामा, हे तुमच्या मोजणीच्या वहीसारखं झालं. मग म्हणाली की, असू दे, मी माझं नंतर बसून लिहीन. अजून बसलेली नाही. उद्या पुन्हा आठवण करून देतो.

जिव्हाळा राहू दे. मी खिसे बघायला लागलो आहे.

तुझा भाऊ


बुधवार, १२ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आज मंडळाची पत्रं आली. चौघांनाही एकच मजकूर. चारही अर्जांतली भाषा जागोजाग सारखी आढळल्यामुळे ते रोखून ठेवले आहेत. प्रत्येकाची स्वतंत्र मुलाखत होईल, मग निर्णय.

मंडळ अर्ज संगणकावर एकमेकांशी ताडून पाहतं, हे आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नव्हतं. "चुकण्याची मोकळीक" हे शब्द चारही अर्जांत आहेत. औषधवाल्यांच्या अर्जातसुद्धा. औषधाच्या मात्रा शिकवणारा माणूस विद्यार्थ्यांना चुकण्याची मोकळीक देतो, हे वाचून मंडळातल्या कुणाला तरी नक्की घाम फुटला असणार. औषधवाले स्वतःच हे म्हणाले आणि हसले.

सगळ्यांत वाईट म्हणजे बिट्टीचा अर्ज शेवटच्या दिवशी गेला. आमचे आधी गेले होते, कारण ती ते तपासून देत होती. त्यामुळे कागदावर असं दिसतं की आमचं वाचून तिने उचललं. भाषा तिचीच, आणि उचलल्याचा संशय तिच्यावर.

हिशेबाच्या बाई आपला अर्ज पुन्हा वाचत होत्या. मग म्हणाल्या की, तुमच्या मिसेस बैठक संपली की टिपलेले कागद परत मागून घ्यायच्या. बाईंना वाटायचं, टापटिपीची आवड. मलाही आठवलं. ही दर बुधवारी घरी यायची, चपला न काढता दारातल्या केराच्या डब्यापाशी थांबायची आणि पिशवीच्या बाजूच्या कप्प्यातून फाडलेले कागद मूठ भरून त्यात टाकायची. एकदा मी विचारलं होतं की हे काय दर वेळी आणतेस. ती म्हणाली होती की, हे लोकांचं उष्टं आहे, त्यांनाच परत वाढायचं नसतं. मी पुढे विचारलं नाही. तीही पार दमलेली असायची.

म्हणजे ऐकून घ्यायची, टिपून घ्यायला लावायची, आणि मग ते टिपण काढून घेऊन माणसाला रिकाम्या हाताने घरी पाठवायची. लिही म्हणायची, आता तुझं तू. आम्ही पद्धत सगळी पाळली, फक्त हे शेवटचं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण.

बिट्टी मला म्हणाली की आईला कळवू नका, मुलाखतीत निस्तरेल. मी तुझ्यापासून लपवू शकत नाही. पण तू तिला विचारू नकोस.

आशीर्वाद असावा. या वेळी जरा जास्त.

तुझा भाऊ


२१ जून

चि. भाऊस,
आशीर्वाद.

पत्र मिळालं. विचारलं नाही. फोनवर तिला हवापाणी विचारलं, तिने मला गुडघा विचारला. दोघींनी छान नाटक केलं.

मुलाखत कधी आहे ते कळव. तीस तारखेच्या आत आहे ना, एवढंच कळव. मी तारखा पाहते आहे, तू त्या पाहिल्या असशील असं धरून चालते.

रागावलेली नाही. तसं वाटलं असेल तर हे अक्षर गुडघ्यामुळे वाकडं आलं आहे, चटईवर बसून लिहिते आहे म्हणून.

ताई


बुधवार, २४ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुला एवढे दिवस लिहिलं नाही. फोनवर जे बोललो तेवढंच हातात होतं. आता सगळं क्रमाने लिहितो.

बिट्टीच्या मुलाखतीची तारीख जूनमध्ये लागली नाही. मंडळ महिन्यातून एकदाच बसतं, जूनची बैठक आमची पत्रं यायच्या आधीच झाली होती. तिचा करार संपला. जुलैच्या यादीत आम्हा तिघांची नावं होती, तिचं नव्हतं. चौकशी केली तर कळलं की मुलाखत फक्त सेवेत असलेल्यांचीच होते.

मी कुलसचिवांच्या कचेरीत गेलो. तिथले उपकुलसचिव हिच्या शोकसभेत बोलले होते. त्यांनी मला बसवलं, पाणी मागवलं, दार लोटून घेतलं. मी सांगितलं की भाषा त्या मुलीचीच आहे, आम्ही तिची घेतली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले की, सर, मला तुमचं पटतं, पण अर्जदाराने फक्त स्वतःच्या अर्जाबद्दल बोलायचं असा नियम आहे. मी विचारलं की मग तिने तिच्याबद्दल बोलायला यायचं कुठे. ते म्हणाले, मुलाखतीत. मी म्हणालो, मुलाखत तर सेवेत असेल तरच. ते म्हणाले, हो. मी म्हणालो, आणि सेवा मान्यता असेल तरच. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले की, तुमच्या मिसेस असत्या तर त्यांनी मला काहीतरी वाट काढायला लावली असती. मला ती दिसत नाही. ते खोटं बोलत नव्हते. दारापर्यंत पोचवायला आले. माझं पाणी तसंच राहिलं होतं.

मग माझी मुलाखत झाली. तीन जण होते. मध्ये बसलेल्या बाईंनी तेच वाक्य वाचून दाखवलं आणि विचारलं की हे तुमचं आहे का. मी नाही म्हणालो. लिहिलं माझ्या भाचीने, असं सांगायला लागलो, तर त्या म्हणाल्या की दुसऱ्या अर्जदाराबद्दल नको. मग तुम्ही खरं काय करता, असं विचारलं. मी सांगितलं. पाठ करून उभा राहतो. का, तेही सांगितलं. आणि कसं कोण जाणे, खिडकीचंही बोललो. इस्पितळातल्या हिच्या खोलीची खिडकी, समोरचं पाण्याचं टाकं, आणि मागे हिचा श्वास ऐकू येत होता, तो. म्हणालो की मुलांकडे पाठ केली तरी ती काय करतात ते मला ऐकू येतं, तिपाईचा पाय घसरला की कळतं, तेव्हा मी वळतो. इस्पितळात वळून काही करण्यासारखं नव्हतं. त्या बाईंनी पेन खाली ठेवलं.

काल निकाल आला. मला मान्यता मिळाली. औषधवाल्यांना आणि हिशेबाच्या बाईंनाही मिळाली. सगळे आपापलं बोलून आले, तेवढ्यावर मिळाली. बोलायची संधी मिळाली नाही ती एकट्या बिट्टीला.

मी मान्यता परत करावी असं मनात आहे. कागद समोर ठेवला आहे. तू सांगशील तसं करतो.

माझ्यावर लोभ ठेव असं या वेळी मागवत नाही.

तुझा भाऊ


९ ऑगस्ट

चि. भाऊस,
आशीर्वाद.

बिट्टी सुखरूप पोचली. दोन ट्रंका, एक सूक्ष्मदर्शक. तो तिच्या मामीने दिलेला आहे म्हणून मांडीवर घेऊन आली. आल्यापासून माझी कपाटं आवरते आहे. मला माझ्या वस्तू सापडेनाशा झाल्या आहेत.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तुला दोनदा उत्तर लिहून फाडलं. मी तुला सांगितलं होतं की तिची वेळ संपू देऊ नकोस. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं नाही तर दर पत्रात मध्ये येऊन बसेल. आता लिहिलं, संपलं.

मान्यता परत करायचं नाव काढू नकोस. तू परत केलीस तर ती माझ्या पोरीला मिळणार आहे का? नाही ना? मग ठेव. तुला पहिल्या वर्षाचा वर्ग मिळतो आहे तो घे. एका घरात दोन माणसं हात चोळत बसलेली मला परवडणार नाहीत, इथे एक आहे तेवढं पुरे.

तिला तू लिही. माझ्याशी ती अजून हवापाणीच बोलते.

मागवत नसला तरी लोभ आहे. तुझ्या परवानगीने तो ठेवलेला नाही.

तुझी ताई


१९ ऑगस्ट

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

आई म्हणते मामा तुझ्या पत्राची वाट बघतोय. आणि तुमचं पत्र आलं त्यात तुम्ही म्हणता आई लिही म्हणाली. आईने आपल्या दोघांनाही कामाला लावलं आहे.

मी ठीक आहे. इथल्या रोपवाटिकेत जाते. कुंड्यांवर रोपांची नावं लिहून चिकटवायची. माझं अक्षर मालकांना फार आवडलं. तुम्ही हसलात तरी चालेल, मीही हसले होते.

मामा, तुम्ही कचेरीत गेलात, मुलाखतीत माझं नाव काढलंत, हे हिशेबाच्या मॅडमनी कळवलं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मला कुणी टिपायला बसवलं नव्हतं, मीच वही ओढून घेतली. मामीची खुर्ची रिकामी बघवत नव्हती. दुसऱ्याचं लिहीत बसलं की तिकडे लक्ष जात नसे.

अर्ज करायच्या आदल्या दिवशी तुमच्या चार ओळी पुन्हा वाचल्या होत्या. "मुलांचे जाड काप टाकत नाही. काचेवर ठेवून तारीख घालते. शेवटी बारीक काप येतो तेव्हा पहिला शेजारी ठेवते. तेव्हा मुलं गप्प होतात." मला त्या फार कोरड्या वाटल्या. मी त्यांच्याऐवजी दोन पानं लिहिली. आता वाटतं की सगळ्या अर्जात माझं स्वतःचं असं तेवढंच होतं आणि तेच मी काढून टाकलं.

पुन्हा अर्ज करता येतो का, असं आईने विचारायला सांगितलं आहे. मला माहीत आहे की येत नाही, सेवेत असल्याशिवाय. पण आईने विचारायला सांगितलं म्हणून विचारते.

खिसे बघता ना? आशीर्वाद असू द्या.

तुमची बिट्टी


बुधवार, ४ सप्टेंबर

चि. बिट्टीस,
अनेक आशीर्वाद.

आज सकाळी पहिल्या वर्षाचा तास होता. नवीन मुलं आहेत. मैदान उताराचं, तिपाया दोनदा पडल्या. दुपारी जेवलो आणि चारला खोली उघडली.

तुझ्या आईने विचारलं त्याचं उत्तर तुला माहीत आहे तेच आहे. मी तरी पुन्हा कचेरीत जाऊन उपकुलसचिवांना विचारलं. या वेळी त्यांनी पाणी मागवलं नाही, नुसती मान हलवली. तुझ्या जागी अजून कुणाला घेतलेलं नाही. तुमच्या प्रयोगशाळेत गेलो होतो. तुझ्या मुलांच्या काचा खिडकीत होत्या, तारखा घातलेल्या. तिथल्या परिचराने विचारलं की फेकू का. मी नको म्हणालो. पण ती जागा माझी नाही, किती दिवस राहतील सांगता येत नाही.

ज्याला मान्यता मिळाली त्याने दुसऱ्यांना मार्गदर्शन करायचं, असा नियम आहे. म्हणून खोली आता माझ्याकडे आहे. औषधवाले आणि हिशेबाच्या बाई येतात अधूनमधून. आज एक नवीन गृहस्थ आले होते, यंत्रशाळेत शिकवणारे, करारावरचे. त्यांना माझ्यासमोर बसवलं. मला काही बोलता येत नाही, हे त्यांना आधीच सांगून टाकलं. ते बोलले. मी टिपलं. तुझ्या मामीच्या खुर्चीत मी बसत नाही, शेजारच्या बाकावर बसतो. ते जायला निघाले तेव्हा कागद मागू लागले. मी दिला नाही. ते नाराज होऊन गेले. पुढच्या बुधवारी येतील की नाही, माहीत नाही. त्यांचा करारही जूनमध्येच संपतो.

तुझ्या मामीने एवढी वर्षं त्या माणसांचे चेहरे दारातून परत जाताना कसे पाहिले असतील, हे मला आज समजलं. विचारायला ती नाही. तुला सांगतो आहे.

आईच्या गुडघ्याला शेक दे. तिची कपाटं तिला हवी तशी लावू दे. तू लहान आहेस, तुझ्यावर माया करायची एवढंच माझ्या हातात आहे, ते मी करतो.

तुझा मामा

ता. क. घरी आल्यावर दारातच डब्यापाशी थांबून फाडलेले कागद खिशातून काढून टाकले. काही तुकडे खिशाच्या शिवणीत अडकून राहिले होते. शर्ट धुवायला टाकण्याआधी खिसा उलटा करून झटकला.